चेन्नईच्या रखरखीत उन्हात 'ड' जीवनसत्त्व कमी कसं?

प्रश्न : आम्ही मूळचे सोलापूरचे, गेली नऊ वर्षं चेन्नईत वेलाचेरीला राहतो. माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. त्यांना जुना मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी लिव्हर सिरॉसिसचं निदान झालं. दारूला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. फॅटी लिव्हर वाढत जाऊन हे झालं, असं डॉक्टर म्हणाले. मध्यंतरी पोटात पाणी झालं होतं, त्यासाठी लघवीच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात 'ड' जीवनसत्त्व तपासलं, ते ११ आलं. डॉक्टरांनी आठवड्यातून एक याप्रमाणे साठ हजार युनिटांचं सॅशे लिहून दिलं आहे. सोलापूर काय, चेन्नई काय, आम्ही कायम उन्हाच्या गावातच राहिलो. मग हे कमी झालंच कसं? ते भरून आलं की लिव्हर सुधारेल का? त्यांना रोज उन्हात बसवू का? कंबर सतत दुखते, त्यावर काय द्यावं? आणि शेजारच्या मामी कीळानेल्लीचा रस द्या म्हणतात, तो द्यावा का?
— एक वाचक, चेन्नई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात पाच प्रश्न आहेत आणि पाचही रास्त आहेत. यकृताच्या जुन्या आजाराची माणसं ज्या घरांत आहेत, तिथे हे प्रश्न कधी ना कधी निघतातच. म्हणून एकेक सविस्तर घेऊ.

ऊन एवढं, मग तुटवडा कशाचा?

चेन्नई विषुववृत्तापासून जेमतेम १३ अंशांवर आहे. थंड देशांत हिवाळ्यातले काही महिने 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे किरण जमिनीवर पुरेसे पोचतच नाहीत. चेन्नईत ही अडचण वर्षभरात कधीच येत नाही. पण गावात ऊन असणं वेगळं आणि ते कातडीवर पडणं वेगळं.

चेन्नईच्या कुठल्याही जुन्या वस्तीत उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर जा. पांढऱ्या धोतरावर तांदळाचे वडाम् ओळीने वाळत घातलेले दिसतील, शेजारी मीठ लावलेल्या मिरच्या असतील. माणूस मात्र एकही दिसणार नाही. वडाम् घालणारी बाई सकाळी सातलाच काम उरकून खाली गेलेली असते. मे महिन्यात अग्निनक्षत्राचे दिवस लागले की सगळं शहरच सावली धरतं, आणि ते शहाणपणाचंच आहे. पण त्याचा हिशेब शरीराला चुकवावा लागतो.

चेन्नईहून तीन-चार तासांवर, जवळपास त्याच अक्षांशावर तिरुपती आहे. तिथल्या श्री वेंकटेश्वर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २००७ साली निरोगी माणसांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. शेतात दिवसभर राबणाऱ्यांपेक्षा शहरात राहणाऱ्यांच्या रक्तात 'ड' कमी होतं आणि शेतकऱ्यांतही कित्येकांना ते पुरेसं नव्हतं. भरपूर ऊन मिळूनही असं होण्यामागे सावळी त्वचा, अंगभर कपडे आणि कॅल्शियम कमी असलेला आहार ही कारणं आहेत. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हापासून आपलं रक्षण करतं, पण तेवढंच जीवनसत्त्व तयार व्हायला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लावतं.

थोडक्यात, तुमचे सासरे आजारी नसते तरी त्यांचं 'ड' कमी निघालं असतं, अशी दाट शक्यता होती. यकृताच्या आजाराने त्यात भर घातली.

यकृताचा यात संबंध काय?

'ड' जीवनसत्त्वाचा प्रवास भाताच्या प्रवासासारखा आहे. उन्हामुळे कातडीत जे तयार होतं किंवा गोळीतून पोटात जातं, ती साळ. साळ खाता येत नाही. ती यकृतात जाते, तिथे तिचा तांदूळ होतो. हा तांदूळ मूत्रपिंडात जातो आणि तिथे त्याचा भात शिजतो. शरीराच्या कामी येतो तो भात. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणं आणि ते हाडांच्या कामी लावणं, ही त्याची मुख्य कामं. यकृतात तयार होणारं रूप अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हेक्टर डिलुका यांच्या प्रयोगशाळेने १९६८ साली ओळखलं. तुमच्या रिपोर्टवर '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' असं लिहिलेलं असेल. तो हाच तांदूळ.

यकृत दुखावलं की गिरणी बंद पडते आणि म्हणून 'ड' कमी होतं, असं वाटणं साहजिक आहे. पण गिरणी सहसा इतक्या सहज बंद पडत नाही. यकृताची ही क्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे आजार फार पुढे जाईपर्यंत साळ सडण्याचं काम चालू राहतं. म्हणूनच बहुतेक रुग्णांना साधं 'ड३' दिलं तरी लागू पडतं. खरी अडचण दुसऱ्या ठिकाणी असते.

पहिली, पित्ताची. 'ड' हे चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व. अन्नातली चरबी शोषायला पित्त लागतं आणि पित्त यकृतच तयार करतं. पित्ताचा मार्ग अडला असेल, कावीळ आणि खाज दीर्घकाळ टिकून असेल, तर तोंडाने घेतलेलं 'ड' बरंचसं वाया जातं. खाजेसाठी कोलेस्टिरामीनची पावडर चालू असेल तर तीही 'ड'ला बांधून बाहेर काढते. अशा वेळी दोन्ही औषधांमध्ये काही तासांचं अंतर ठेवावं लागतं.

दुसरी, गोण्यांची. तांदूळ वाहून न्यायला गोणी हवी. रक्तात 'ड' वाहून नेणारं खास प्रथिन असतं, थोडं काम अल्ब्युमिन करतं, आणि ही दोन्ही प्रथिनं यकृतातच बनतात. सिरॉसिसमध्ये ती कमी होतात.

तिसरी अडचण रोजच्या जगण्याची, आणि तीच सर्वांत मोठी. थकवा, पाय सुजलेले, पोट जड. माणूस घरात बसतो, पंख्याखाली पडून राहतो, जेवण निम्म्यावर येतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९ साली सिरॉसिसच्या ७२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे पन्नाशीच्या आतले होते. त्यांतल्या ९२ टक्क्यांना 'ड'ची कमतरता होती आणि ६८ टक्क्यांच्या हाडांची घनता कमी भरली. हाडं विरळ होण्यामागे डॉक्टरांना काय आढळलं? कमी हालचाल, कमी ऊन आणि अंगावरचं घटलेलं मांस. मुंबईतल्या तरण्या माणसांची ही गत, तर ६४ वर्षांच्या तुमच्या सासऱ्यांचं ११ येणं यात आश्चर्य नाही.

यकृताचा आजार आता दारूपुरता राहिलेला नाही. चेन्नईच्याच मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने शहरातल्या ५४१ लोकांची तपासणी केली. २००९ साली आलेल्या त्या निष्कर्षांत ३२ टक्के लोकांना फॅटी लिव्हर होतं, आणि मधुमेह असलेल्यांत ते प्रमाण त्याहून जास्त होतं. दारू न पिता यकृत खराब झालेल्या माणसाकडे घरची-दारची माणसं संशयाने पाहतात. ते थांबावं म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

११ हा आकडा कसा वाचायचा?

रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमतरता, २० ते ३० म्हणजे अपुरं, असा सर्वसाधारण हिशेब आहे. पण ही तपासणी गोण्यांत भरलेला सगळा माल मोजते. सिरॉसिसमध्ये गोण्याच कमी असल्याने एकूण आकडा जरा जास्तच खाली दिसू शकतो. पेशींना मिळणारं मोकळं 'ड' तितकं खालावलेलं असेलच असं नाही. म्हणून ११ वाचून घाबरून जाऊ नका. पण दुर्लक्षही करू नका, कारण या पातळीला औषध द्यायचं यात दुमत नाही. युरोपातल्या यकृतरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली पोषणाची मार्गदर्शक सूत्रं दिली. यकृताच्या जुन्या आजारात 'ड' २० च्या खाली असेल तर ते ३० च्या वर जाईपर्यंत तोंडाने द्यावं, असं त्यांत सांगितलं आहे.

कॅल्शियमचंही तसंच. रिपोर्टमधल्या एकूण कॅल्शियममध्ये अल्ब्युमिनला बांधलेलंही मोजलं जातं. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. डॉक्टर त्याचा हिशेब दुरुस्त करून वाचतात. घरी नुसता आकडा पाहून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नका.

'ड' भरून आलं की लिव्हर सुधारेल?

इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे, कारण या आशेवर पुष्कळ पैसा खर्च होतो. सिरॉसिस जितका पुढचा, तितकं 'ड' कमी, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ज्यांचं 'ड' फार कमी त्यांना जंतुसंसर्ग जास्त होतात, असंही आढळलं आहे. पण यावरून 'ड' कमी झाल्याने यकृत बिघडलं असं ठरत नाही. जास्त आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, जेवत नाही, त्याची प्रथिनं घटतात आणि म्हणून 'ड'ही घटतं. कमी 'ड' ही पुष्कळदा आजाराची सावली असते. 'ड' देऊन यकृताच्या रुग्णांचं आयुष्य वाढतं का, यावर झालेल्या प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने २०१७ आणि २०२१ मध्ये आढावा घेतला. दोन्ही वेळा खात्रीने हो म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही.

मग सॅशे कशासाठी? हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. सिरॉसिसचा माणूस अशक्त असतो, त्याचा तोल जातो. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रियेचा धोका त्याला इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. पुढे यकृतप्रत्यारोपणाची वेळ आलीच, तर त्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हाडं झपाट्याने झिजतात. तोवर हाडांची बेगमी करून ठेवणं हेच 'ड'चं काम.

उन्हात बसवू का?

बसवा, पण बेताने. तिरुपतीला झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेतल्या उन्हात 'ड' सर्वांत चांगलं तयार होतं, असं दिसलं. पहाटे समुद्रावर फिरून आलेल्या माणसाला हवा मिळते, व्यायाम होतो, पण 'ड' फारसं मिळत नाही. एक सोपी खूण सांगते : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की ते ऊन कामाचं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन मात्र कुठल्याही वेळी निकामी, कारण ते किरण काच अडवते.

पण तुमच्या सासऱ्यांना लघवीच्या गोळ्या चालू आहेत. अशा माणसाला भर उन्हात घाम आला की शरीरातलं पाणी आणि सोडियम घसरतं, मूत्रपिंडावर ताण येतो, कधी शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत साडेदहा-अकराच्या सुमाराला हातपाय उघडे ठेवून वीसेक मिनिटं गच्चीवर चालू द्या, डोक्यावर टोपी असू द्या. एप्रिल-मेमध्ये हा हट्ट सोडा. त्या दिवसांत सॅशेवर भरवसा ठेवा.

आणि गच्चीवरचे ते वडाम् त्यांच्या पानात वाढू नका. पोटात पाणी झालेल्या माणसाला मीठ वर्ज्य. वडाम्, अप्पळम्, लोणचं, सुकी मासळी, सगळ्यांत मीठ ठासून असतं.

पानात काय वाढावं?

आपल्या जेवणात 'ड' फार थोडं असतं. प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली ६०० युनिटं ठरवली. अंड्याच्या एका बलकात ४० युनिटांच्या आसपास मिळतात. पिशवीवर अधिक चिन्ह आणि 'एफ' असा निळा शिक्का असलेलं पोषणयुक्त दूध घेतलं तरी लिटरमागे २०० ते ३०० युनिटं, म्हणजे पेलाभर दुधातून साठाच्या आतच. तुम्ही मासे खात असाल तर तारली आणि बांगडा चांगले. तारलीला तिथे मत्ती म्हणतात. ताजे घ्या, नीट शिजवा, मीठ कमी घाला. कच्ची किंवा अर्धीकच्ची कोलंबी-तिसऱ्या सिरॉसिसच्या माणसाला जिवावर बेतू शकतात. एवढं करूनही झालेला तुटवडा अन्नाने भरणार नाही, औषध लागणारच.

कॉड लिव्हर ऑइल परस्पर सुरू करू नका. 'ड'चा शोध लागला तोच माशाच्या यकृताच्या तेलात, १९२२ साली. त्यामुळे अनेकांना ते सर्वांत अस्सल वाटतं. पण त्यात 'अ' जीवनसत्त्वही भरपूर असतं, आणि ते जास्त झालं तर यकृतालाच इजा करतं.

हाडांना प्रथिनंही लागतात. लिव्हरचा आजार म्हणून डाळ-दूध बंद करणं ही जुनी चूक आहे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. बिनमिठाचं सुंडल (कडधान्याची उसळ), दही, डाळ, अंडं द्या. झोपण्यापूर्वी थोडं खायला द्या, कारण रात्रभराच्या उपासात सिरॉसिसचं शरीर स्वतःचंच मांस जाळतं. नाचणीची आंबील तर घरचीच. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. चेन्नईत तीच केळ्वरगु कूळ म्हणून मिळते, पण घरी करा, म्हणजे मीठ आणि साखर दोन्ही आपल्या हातात राहतं.

सॅशे घेताना

सॅशे आठवड्यातून एकदाच. ते रोज घेतल्याने रुग्णालयात दाखल व्हावं लागल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदली आहेत. ठरलेला वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ते जेवणानंतर, दुधात घालून द्या. 'ड' जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं : मळमळ, बद्धकोष्ठ, फार तहान, आणि बोलण्यात गोंधळ. सिरॉसिसमध्ये मेंदूवर परिणाम झाला की असाच गोंधळ होतो, त्यामुळे खरं कारण नजरेआड होतं. असं काही दिसलं तर डॉक्टरांना सॅशे चालू असल्याचं आधी सांगा. सहा लाख युनिटांचं इंजेक्शन कुणी सुचवलं, तर प्लेटलेट कमी आहेत का ते विचारल्याशिवाय दंडात टोचून घेऊ नका. स्नायूत रक्तस्राव होतो. तीन महिन्यांनी 'ड' आणि कॅल्शियम पुन्हा तपासा.

कंबरदुखीवर काय?

ताई, या सगळ्या उत्तरातला सर्वांत तातडीचा भाग हा. औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा तसली कुठलीही वेदनाशामक गोळी आणून देऊ नका. सिरॉसिसमध्ये या गोळ्या मूत्रपिंड निकामी करू शकतात, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव घडवू शकतात. पॅरासिटामॉल डॉक्टर ठरवतील त्या मर्यादेत, सहसा दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, चालतं. अनेकांचा समज नेमका उलटा असतो.

आणि कंबर का दुखते, ते शोधा. मणका दबून मोडला तरी कित्येकदा पडल्याचं निमित्तही नसतं. दाराच्या चौकटीला टेकवून त्यांची उंची पेन्सिलीने मांडून ठेवा, दर तीन महिन्यांनी पाहा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठता येतं का, तेही बघा. डॉक्टरांना पाठीचा एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करायची का ते विचारा. हाडं बळकट करणाऱ्या काही गोळ्या अन्ननलिकेला जाचतात. तिथे शिरा फुगल्या असतील तर डॉक्टर इंजेक्शनचा पर्याय निवडतात.

कीळानेल्लीचं काय?

मामी सांगतात ती कीळानेल्ली म्हणजे आपला भुईआवळा. काविळीवर तो तिकडेही देतात, इकडेही देतात. मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी विषाणूचे शोधक, नोबेलविजेते बारूक ब्लूमबर्ग यांच्यासह १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अभ्यास छापला होता. भुईआवळा घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली होती. जगभर आशा पालवली. पण पुढे इतर ठिकाणी झालेल्या चाचण्यांत तसं यश मिळालं नाही. शिवाय तो प्रयोग हिपॅटायटिस बी विषाणू अंगात असलेल्यांवरचा होता, तुमच्या सासऱ्यांचा आजार फॅटी लिव्हरमधला. त्यांच्या इतर औषधांबरोबर हा रस कसा वागेल याची हमी नाही. मामींना प्रेमाने नाही म्हणा.

'ड'च्या बाबतीतही हाच धडा आहे. एका लहान अभ्यासातली आशा म्हणजे उपचार नव्हे. 'ड' हे तुमच्या सासऱ्यांच्या हाडांचं औषध आहे, यकृताचं नाही. यकृतासाठी साखर ताब्यात ठेवणं, मीठ कमी करणं, पोटभर प्रथिनं आणि ठरलेल्या तपासण्या हेच करायचं आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या : सॅशे कधी सुरू केलं, किती झाली, उंची किती भरली, कंबरेसाठी कोणती गोळी घेतली. आणि घरात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी पडून असेल, तर ती आजच बाजूला काढा.